मगदुमांच्या विहिरीवरची स्थळपाहणी

जुईच्या डाव्या मनगटावर पट्टी बसली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. "ही घालून झोपायचं पण?"

"झोपायचं, जेवायचं, आंघोळ करायची, सगळं करायचं," मापन अधिकारी हिंगमिरे म्हणाला. पंचविशीतला पोरगा, बोलायला गोड आणि आपल्या यंत्रावर मनापासून विश्वास असलेला. "चाळीस दिवसांत तू विसरून जाशील पट्टी आहे म्हणून."

जुई आठ वर्षांची होती आणि काही विसरणाऱ्यातली नव्हती. तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा पप्पांकडे बघितलं आणि हात फ्रॉकच्या खिशात घातला. कौटुंबिक न्यायालयाच्या मापन कक्षात टेबलाच्या एका बाजूला शलाका चौगुले उभी होती आणि दुसऱ्या बाजूला अभिनंदन आवटी. दोघांचा घटस्फोट दोन वर्षांपूर्वीच झाला होता, तोही फारशी चिखलफेक न होता. भांडण उरलं होतं ते एकाच गोष्टीचं. जुई कुणाकडे राहणार?

या भांडणाची सुरुवात पुरापासून झाली होती. शलाका कुरणवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत क्रीडाशिक्षिका होती, आणि कुरणवाडी म्हणजे कृष्णेच्या अगदी वळणात बसलेलं गाव. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात तिघांनी शाळेच्या गच्चीवर तीन दिवस काढले. जुई तेव्हा दोन वर्षांची होती. पाणी ओसरल्यावर अभिनंदन म्हणाला, आता इथं एक दिवस राहायचं नाही. शलाका म्हणाली, माझ्या शाळेची चार पोरं या पाण्यात गेली, मी इथून हलणार नाही. तो पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात नोकरीला गेला, ती राहिली. पुढच्या उन्हाळ्यापासून तिनं एक नेमच करून टाकला. पोहता आल्याशिवाय एकही पोर चौथीतून पुढं जायचं नाही. सहा उन्हाळ्यांत तिनं पावणेदोनशे पोरं पोहती केली. राहिली होती ती तिची स्वतःची मुलगी. जुईला पाण्याची भीती होती, आणि ती का होती हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नव्हता.

"पुराच्या गावात माझी मुलगी राहणार नाही," हे अभिनंदनचं म्हणणं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणूनच शलाकाला त्याचा जास्त राग यायचा.

आता या पट्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

पूर्वी अशी भांडणं सहा-सहा, आठ-आठ वर्षं चालायची. न्यायाधीश मुलाला आत बोलावून विचारायचे, बाळ तुला कुणाकडे राहायचंय, आणि आदल्या आठवड्यात बाळाला कुणी काय पढवलंय त्यावर उत्तर ठरायचं. निकाल लागेपर्यंत बाळाला मिशा फुटायच्या. मग हे यंत्र आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव सान्निध्यमापक. लोकांनी त्याला मायेचं मीटर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. निवांत माणसाचं हृदय घड्याळाच्या काट्यासारखं एका मापानं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. माणूस घाबरला की हा सैलपणा जातो आणि ठोके कवायतीतल्या पावलांसारखे एका अंतरावर पडायला लागतात. पट्टी हे दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य सोडतं, ते घामात उतरतं, पट्टी तेही मोजायची. पळण्या-खेळण्यानं वाढलेले ठोके हालचालीवरून ओळखून ती बाजूला काढायची. आईच्या आणि बापाच्या गळ्यात एकेक बिल्ला असायचा, त्यावरून मूल त्या क्षणी कुणाजवळ आहे हे कळायचं. दर मिनिटाला शून्य ते शंभरातला एक आकडा पडायचा, त्याला सान्निध्यांक म्हणत. शंभर म्हणजे मूल अगदी निर्धास्त. वीस दिवस बापाकडे, वीस दिवस आईकडे, दोन्हीकडची सरासरी काढायची आणि जिथं आकडा मोठा तिथं मूल पाठवायचं. मुलाला काही विचारायचंच नाही, म्हणजे पढवण्याचा प्रश्नच मिटला.

यंत्र खोटं बोलत नव्हतं, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. पण माणसं ती माणसंच. मीटर लागलेल्या घरात चाळीस दिवस मुलांचं राज्य सुरू व्हायचं. अभ्यासाला बस म्हणणं बंद, कारल्याची भाजी बंद, दात घासणंसुद्धा मुलाच्या मर्जीवर. भर बाजारात एखादं कार्टं जमिनीवर लोळण घेतंय आणि त्याची आई शेजारी उभी राहून गोड हसतेय असं दिसलं, की लोक एकमेकांना खूण करायचे. मीटर लागलंय वाटतं.

जुई आधी वीस दिवस पुण्याला राहून आली. अभिनंदननं रजा काढली होती. सकाळी बाग, दुपारी चित्रं, संध्याकाळी दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत गार वारा. आकडा आला अठ्ठ्याहत्तर.

"चांगला आकडा आहे, पण आपण हात टेकावेत असा नाही," मुल्ला वकीलबाई शलाकाला म्हणाल्या. शबाना मुल्ला ताब्याच्या खटल्यांमध्ये केस पांढरे झालेल्या वकील होत्या आणि अशिलाशी सरळ बोलायच्या. "तू आता वीस दिवस फक्त आई राहा. मास्तरीण होऊ नकोस. आंबे खाऊ घाल, आजोळी ने, लाड कर. आणि ते विहिरीचं खूळ या वर्षी राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"पुढच्या उन्हाळ्यात शिकव की."

"आणि या पावसाळ्यात पाणी चढलं तर? नदी काय मीटर बघून येती काय मॅडम?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "शलाका, नीट ऐक. तू हरलीस तर पोरगी पुण्याला जाणार. दहाव्या मजल्यावर. तिथं तिला पोहायची गरजच काय?"

"दहाव्या मजल्यावर काय भीती चढत नाही? ती पाण्याला भ्यायलीय. आज पाण्याला भितीय, उद्या आणि कशाला भिईल. मी अख्ख्या गावाच्या पोरांची भीती काढली आणि माझ्याच पोरीला तशीच ठेवू? का, तर आकडा वर जावा म्हणून?"

"पोरगी तुझ्याकडे राहावी म्हणून," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

शलाका घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जुईला घेऊन मगदुमांच्या विहिरीवर गेली.

मगदुमांची विहीर उसाच्या मळ्यात होती. दगडी पायऱ्यांची, ऐसपैस, वैशाखातसुद्धा दोन पुरुष खोल पाणी असलेली. कुरणवाडीत पोहायला शिकवायची एक ठरलेली रीत होती. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा. मिरजेचे सतार करणारे लोक आकार बिघडला म्हणून जे भोपळे बाजूला टाकायचे, ते शलाका गोणीभर मागून आणायची. भोपळा पोराला वर धरतो आणि पोर हातपाय मारायला शिकतं. हळूहळू त्याचा भार भोपळ्यावर कमी पडत जातो. मग एक दिवस शिकवणारा पाठीमागची गाठ बांधल्यासारखी करतो आणि नुसती गुंडाळून सोडतो. पोर उडी मारतं, विहिरीच्या मध्यावर येतं, आणि भोपळा सुटून एकीकडे तरंगायला लागतो. याला गावात भोपळा सोडणं म्हणत. त्या दिवशी घरच्यांनी सगळ्यांना चुरमुऱ्यांचा भडंग वाटायचा.

भोपळा सोडायचे दोन नियम होते. पोराला आधी सांगायचं नाही, कारण सांगितलं की ते गाठ सोडू देत नाही. आणि ज्यानं गाठ सैल ठेवली त्यानं स्वतः पाण्यात, पोराच्या खाली तरंगत राहायचं. गाठ सैल करून पायरीवर बसणाऱ्याला गावानं पुन्हा कुणाचं पोर शिकवायला दिलं नसतं.

पहिले तीन दिवस जुई वरच्या पायरीवर बसून रडली. पाचव्या दिवशी पाय पाण्यात घातले. नवव्या दिवशी भोपळा बांधून आईच्या हातावर आडवी झाली आणि तिच्या दंडावर नखांचे दहा ओरखडे काढले. घरी परतताना ती आईला दुष्ट म्हणायची, दुपारी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपायची. शलाका आकडा बघायची नाही. तो वकीलबाई बघायच्या आणि रोज कळवायच्या. सोळाव्या दिवशी त्यांचा निरोप आला. सत्त्याहत्तर, एकाच अंकाचा फरक, फक्त चार दिवस गप्प बस, आपण पुढं जातो.

त्याच सोळाव्या दिवशी जुईनं विहिरीचा आडवा फेरा मारला, आणि शलाकाला दिसलं की भोपळ्याचा वरचा अर्धा भाग कोरडा होता. पोरगी आपल्या बळावर तरंगत होती. भोपळा नुसता पाठीवर बसून फुकट फिरत होता.

पोर तयार झालं की दुसऱ्याच दिवशी सोडायचं, हा तिचा सहा वर्षांचा शिरस्ता. लांबवलं की पोर भोपळ्यावर विसंबतं, मग तो कधीच सुटत नाही. त्या दुपारी शलाका स्वयंपाकघरात बसून राहिली. चार दिवस. चार दिवसांनी काय बिघडणार होतं? तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी तिला हेच वाटलं की मगदुमांचं किंवा पाटोळ्यांचं पोर असतं तर आपण उद्याच सोडलं असतं. मग आपल्या पोरीला भ्यालेलीच ठेवायला लावणारं हे मीटर कोण? संध्याकाळी तिनं चुरमुरे, शेंगदाणे आणि लसूण काढून ठेवला.

सतराव्या दिवशी सकाळी तिनं गाठ गुंडाळली, स्वतः पाण्यात उतरली आणि म्हणाली, "ये."

जुईनं उडी मारली. सहा हात, आठ हात, अगदी सुरेख आली. मध्यावर भोपळा सुटला. तो बाजूनं तरंगत जाताना तिला दिसला आणि ती किंचाळली. हातपाय थांबले, ती एकदा खाली गेली. शलाकाचा हात तिच्या पोटाखाली वीतभर अंतरावर होता, पण तिनं तो लावला नाही. एक, दोन, तीन. जुई वर आली, खोकत, रडत, पण पाणी तोडत, आणि आईपर्यंत पोहोचून तिनं दोन्ही हातांनी तिची मान आवळली. मग तिच्या खांद्याला कडकडून चावली.

"तू सोडलास! तू मुद्दाम सोडलास!"

"होय," शलाका म्हणाली. "आणि तू पोहून आलीस."

पट्टीनं तीन मिनिटं सलग अकरा हा आकडा नोंदवला होता. पंधराच्या खाली तीन मिनिटं गेली की न्यायालयाला आपोआप इशारा जायचा. भडंगाला फोडणी बसायच्या आत हिंगमिरे जीप घेऊन दारात हजर झाला. नियमाप्रमाणे सुनावणीपर्यंत मूल दुसऱ्या पालकाकडे पाठवायचं होतं. त्यानं ते खाली मान घालून सांगितलं.

जुई आईशी बोलत नव्हती. तिनं आपली पिशवी आपण भरली, जीपमध्ये चढली आणि मागं वळून बघितलं नाही. शलाकानं भडंगाचा डबा खिडकीतून आत दिला. तो तिनं घेतला की नाही तेही कळलं नाही. जीप उसाआड गेली आणि त्या बाईला, जिनं तीन दिवस गच्चीवर पोर छातीशी धरून काढले होते, तिला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकलो. ती दारातच बसून हमसून हमसून रडली.

सुनावणी पाचव्या दिवशी झाली. न्यायाधीश वैजयंती खांबे यांच्या समोरच्या पडद्यावर दोन आकडे होते, अठ्ठ्याहत्तर आणि शहात्तर. त्याखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, तीव्र भय, तीन मिनिटं, आईच्या सान्निध्यात.

"चौगुले, मापन चालू आहे हे माहीत असून तुम्ही हे केलंत?" खांबेबाईंनी विचारलं.

"माहीत होतं, मॅडम."

"पश्चात्ताप?"

मुल्ला वकीलबाईंनी टेबलाखालून शलाकाचा पाय दाबला. पश्चात्ताप आहे म्हटलं असतं तर फेरमापनाची सोय होती. तो एक शब्द त्यांनी तिच्याकडून सकाळपासून पाठ करून घेतला होता.

"नाही," शलाका म्हणाली. "पोरगी चावली त्या दिवशी मला वाटलं होतं आपण चुकलो म्हणून. पाच दिवस विचार केला. उद्या परत तीच सकाळ आली तर मी परत गाठ सोडीन."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ती घाबरली होती हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे की. यंत्र खरंच सांगतंय. खूप घाबरली होती. पण ती कुणाला धरून घाबरली, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

अभिनंदन उभा राहिला. "मॅडम, माझं म्हणणं एवढंच आहे की तिला घाबरावंच लागू नये. मी तिला सुरक्षित ठेवू शकतो."

"कशापासून?" शलाका वळून म्हणाली. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. "गच्चीवर तू पण होतास. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा तू काय म्हणाला होतास आठवतंय? मला पोहता येत नाही, शलाका, मी तिला कशी वाचवू. मॅडम, तुम्हाला पोरगी त्याच्याकडे द्यायची तर द्या. वाईट माणूस नाही तो. पण आधी त्याला पोहायला शिकवा, मग द्या."

न्यायालयात कुणीतरी हसलं. अभिनंदन हसला नाही. तो खाली बसला आणि हाताच्या बोटांकडे बघत राहिला.

"तुमची मागणी काय आहे?" खांबेबाईंनी विचारलं.

"दोन शेतकऱ्यांत बांधावरून भांडण लागलं तर कोर्टाचा माणूस जागेवर येतो, मॅडम. बांध कुठून कुठं जातो, दगड कुणी हलवला, डोळ्यांनी बघतो. स्थळपाहणी होते. माझ्या पोरीला बांधाएवढी तरी किंमत द्या. विहिरीवर या."

वैजयंती खांबे कौटुंबिक न्यायालयात येण्याआधी बारा वर्षं दिवाणी न्यायालयात होत्या, आणि चपला हातात घेऊन चिखलात उतरणाऱ्या न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती होती. त्या पडद्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी कायद्याचं पुस्तक ओढून एक कलम काढलं.

"सान्निध्यांक विचारात घ्यावा, असं इथं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे ते डोळे झाकून मान्य करावा असं वाचत आलो. रविवारी सकाळी नऊ वाजता स्थळपाहणी."

रविवारी मगदुमांच्या विहिरीवर पाच मोठी माणसं आणि एक मुलगी जमली. खांबेबाई पदर खोचून चौथ्या पायरीवर बसल्या. मुल्ला वकीलबाई त्यांच्या मागं. हिंगमिरे हातात यंत्राची पाटी घेऊन उभा होता, तिच्यावर जुईचा आकडा दिसत होता. अभिनंदन काठावर, पाण्यापासून चार हात लांब. जुई आल्यापासून आईशी एक अक्षर बोलली नव्हती. पण भडंगाचा डबा तिनं परत आणला होता, आणि तो रिकामा होता.

"तिला कुणी काही सांगायचं नाही," खांबेबाई म्हणाल्या. "चौगुले, तुम्ही रोज करता तसं करा."

शलाकानं गळ्यातला बिल्ला नीट केला आणि पाण्यात उतरली. मध्यावर जाऊन थांबली. भोपळा विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता.

"जुई," ती म्हणाली, "यायचं असलं तर ये. बांधून ये, नाहीतर तशीच ये. नाही आलीस तरी चालंल. मी इथं आहे."

जुई दगडी कट्ट्यावर जाऊन उभी राहिली. हिंगमिरे हळू आवाजात आकडे वाचायला लागला. चाळीस. एकतीस. बावीस.

"मॅडम, थांबवायला हवं," तो म्हणाला. "चौदा. इशारा जाईल."

"कुणाला जाईल?" खांबेबाई म्हणाल्या. "मी इथंच बसलेय."

अभिनंदन दोन पावलं पुढं आला. मुलीला मागं ओढायला त्याचा हात उठलासुद्धा. मग त्याला तिचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पाण्याकडेही बघत नव्हती. ती नुसती आईकडे बघत होती. त्यानं हात खाली घेतला.

जुईनं पायानं भोपळा बाजूला सारला आणि उडी मारली.

"नऊ," हिंगमिरे म्हणाला.

ती खाली गेली, वर आली, फुत्कारली आणि हातपाय मारत निघाली. वाकडीतिकडी, पाणी गिळत, पण निघाली. शलाका मागं मागं सरकत गेली, वीतभर अंतर ठेवून, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिथं पोहोचल्यावर जुईनं आधी दगड धरला, मग आईचा गळा धरला. चावली नाही.

पायरीवर आल्यावर खांबेबाईंनी तिला जवळ बोलावलं. ती टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती आणि दात वाजत होते.

"घाबरली होतीस?"

"होय."

"खूप?"

"खूप."

"मग उडी कशाला मारलीस गं?"

जुईला हा प्रश्न जरा खुळ्यासारखा वाटला असावा. तिनं आधी आईकडे बघितलं, मग न्यायाधीशबाईंकडे, आणि मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं सांगितलं.

"आई खाली होती की."

उसात कुठंतरी मोटार चालू झाली. जुईनं आईच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, जिथं आठ दिवसांपूर्वीचे दाताचे व्रण अजून निळे होते.

"ब्याण्णव," हिंगमिरे मध्येच म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो स्वतःच पाटीकडे चकित होऊन बघत होता. "मॅडम, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा आहे. याची वेगळी नोंद घेतली तर बाईंच्या बाजूनं..."

"नको," शलाका म्हणाली. "त्या आकड्यानं मी हरणार नव्हते, तर या आकड्यानं जिंकायची पण नाही. तिची पट्टी काढ."

हिंगमिरेनं खांबेबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. पट्टी निघाली तेव्हा मनगटावर पांढरा चट्टा पडला होता, आणि जुई तो दुसऱ्या हातानं खाजवत बसली.

अभिनंदन पायऱ्यांपाशी आला. "मॅडम, मला एक सांगायचंय. नोंदीत आलं तरी चालेल." तो बोलताना थांबत होता. "माझ्याकडे वीस दिवसांत ती एकदाही रडली नाही. एकदाही चिडली नाही. मला वाटलं, सुखात आहे. पण पाणी पिऊ का, असं विचारून पाणी प्यायची. टीव्ही लावू का, विचारायची. फ्रीज उघडू का, विचारायची. पाहुण्यांची मुलगी राहते तशी राहिली ती. अठ्ठ्याहत्तर आकडा त्याचाच आहे." तो शलाकाकडे वळला. "मला ती आजपर्यंत कधी चावली नाही."

शलाकाला त्याच्यावर रागवायची सवय झाली होती, आणि आता तो राग ठेवायला जागा सापडत नव्हती.

खांबेबाईंनी आदेश तिथंच, पायरीवर बसून सांगितला आणि वकीलबाईंनी टिपून घेतला. सान्निध्यांक विचारात घेतला. स्थळपाहणी केली. मूल आईकडे राहील. सुट्ट्यांमध्ये वडिलांकडे जाईल, अगदी या सुट्टीपासून. फक्त एका अटीवर.

"आवटी, तुम्हाला पोहता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जूनच्या आत शिका."

हिंगमिरेनं पाटी बंद केली, मुल्ला वकीलबाई पहिल्यांदा हसल्या, आणि खांबेबाई चपला घालून गाडीकडे निघाल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता मगदुमांच्या विहिरीवर कुरणवाडीची निम्मी पोरं जमली होती. तेहतीस वर्षांचा माणूस पाठीला भोपळा बांधून उभा आहे, हे बघायची संधी रोज येत नाही. अभिनंदन कट्ट्यावर उभा होता. शलाकानं दोरी दोनदा ओढून गाठ घट्ट असल्याची खात्री केली, मग ती पाण्यात उतरली आणि त्याच्यापासून थोडी बाजूला थांबली. कट्ट्याच्या बरोबर खाली दुसरंच कुणी होतं.

"किती खोल आहे?" त्यानं विचारलं. त्यानं पाठीमागची गाठ स्वतःही एकदा चाचपून बघितली.

"खोल आहे," जुई म्हणाली. ती पाण्यात उभ्या उभ्या हात मारत होती, केस कपाळाला चिकटलेले, एक दात पडलेला. "पण या की पप्पा. मी आहे ना खाली."

अभिनंदन आवटीनं डोळे मिटले आणि उडी मारली.